गुडघेदुखी आणि सायकलची मापे: चौदा आठवड्यांच्या नोंदी

४ ऑगस्ट

गेले दोन महिने सायकल चालवताना साधारण पाऊण तास झाला की दोन्ही गुडघ्यांच्या वाटीखाली दुखू लागते, उजव्यात जास्त. सुरुवातीला नुसता जडपणा असतो, मग चढावर जोर दिला की ठसठस सुरू होते, आणि घरी आल्यावर जिना उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना कळ येते. सूज नाही, गुडघा अडकत नाही, पाय अचानक दगा देत नाही आणि रात्री झोपमोडही होत नाही. यातले एक जरी लक्षण असते तरी मी पाना हातात घेतला नसता. डॉक्टरांना दाखवून झाले आहे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे सायकल बंद ठेवली, दुखणे पूर्ण थांबले, आणि पुन्हा निघाले त्या पहिल्याच फेरीत चाळीस मिनिटांत ते परत आले. त्यामुळे आता सायकलवरची बैठक तपासायची आणि जे करीन ते इथे लिहीत जायचे असे ठरवले आहे.

सायकल रोड प्रकारची, तीन वर्षांची. या तीन वर्षांत मी सीटच्या उंचीला कधीही हात लावलेला नाही आणि आतापर्यंत काही तक्रारही नव्हती, म्हणून अंतर वाढवल्याला आणि वाढत्या वयाला दोष देऊन मी मोकळी झाले होते.

९ ऑगस्ट

आज फक्त मोजमाप. सर्वांत जास्त वेळ गेला तो पायाची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर, मोजण्यात. भिंतीला पाठ टेकवून अनवाणी उभे राहायचे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतके वर ओढायचे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. पहिल्यांदा मी पुस्तक हलके धरले आणि ७८.२ सें.मी. भरले, नीट दाब देऊन दोनदा मोजल्यावर ७९.० आणि ७९.१ आले. ७९ धरले आहे. त्या आठ मिलिमीटरच्या चुकीवर पुढचे सगळे गणित उभे राहिले असते, म्हणून तीनदा मोजण्याचा कंटाळा करू नये.

सायकलची आजची मापे अशी आहेत: क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) रेषेत, ६७६ मि.मी.; सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंत ५३५ मि.मी.; क्रँकची लांबी १७२.५ मि.मी. सीट पाणसळीने तपासली, ती सपाट आहे. सीट पोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडा, कार्बनचा आहे. तो क्लॅम्पमध्ये, म्हणजे त्याला आवळून धरणाऱ्या कड्यात, शिरतो तिथे पांढऱ्या टेपची एक पट्टी पोस्टभोवती अशी गुंडाळली की तिची खालची कड क्लॅम्पला बरोबर टेकेल, म्हणजे कधीही मूळ उंचीवर परत येता येईल. बुटांचे क्लीट, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारे तुकडे, चार महिन्यांपूर्वीच नवे बसवले होते, त्यामुळे ते तपासले नाहीत.

प्रचलित सूत्रांनी उंची काढून पाहिली. आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या आसापासून सीटपर्यंतची उंची मिळते असे एक सूत्र आहे. त्याने ६९८ मि.मी. येतात. दुसरे सूत्र पेडलपासून सीटपर्यंत आतल्या लांबीच्या १०९ टक्के धरते. त्यातून क्रँकची लांबी वजा केली की ६८९ उरतात. दोन सूत्रांत नऊ मिलिमीटरचा फरक आहे, पण माझी सीट दोन्हींपेक्षा खाली आहे हे निश्चित. सीट खाली असली की पेडलच्या प्रत्येक फेरीत गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकलेला राहतो आणि वाटीवरचा दाब वाढतो, तेव्हा दुखण्याची जागाही याच्याशी जुळते.

११ ऑगस्ट

सीट एकदम ६९८ वर नेली, म्हणजे २२ मि.मी. वर. त्याच बैठकीत ती १० मि.मी. मागेही सरकवली, कारण वाटीसमोर दुखत असेल तर सीट पुढे असण्याचीही शक्यता असते असे वाचले होते.

पोस्ट वर ओढल्यावर त्याच्या नव्याने बाहेर आलेल्या भागावर साधारण मध्यावर एक आडवी रेषा दिसली. मळ असेल असे वाटून चिंधीने पुसली, पण गेली नाही. नोंद म्हणून लिहून ठेवते.

१९ ऑगस्ट

तीन फेऱ्या झाल्या. वाटीखालचे दुखणे निम्म्याने कमी झाले. मात्र दुसऱ्या फेरीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीत ओढ बसू लागली आणि तिसऱ्या फेरीनंतर सकाळी पाय सरळ करताना मांडीच्या मागच्या शिरा ताठ वाटल्या. बहिणीने मागून सायकलवरून येत पाहिले आणि सांगितले की माझी कंबर प्रत्येक पेडलला डावी-उजवीकडे डोलते आहे. पाय पुरत नसला की कंबर अशी डोलते.

चूक कुठे झाली ते रात्री कागदावर मांडले तेव्हा कळले. सीट मागे सरकवली की ती पेडलपासूनही दूर जाते. सीट ट्यूब ७३ अंशांत कललेली असेल तर १० मि.मी. मागे जाणे म्हणजे जवळजवळ ३ मि.मी. उंच होणे, म्हणजे मी २२ नव्हे, २५ मि.मी. वाढवले होते. शिवाय दोन बदल एकत्र केल्यामुळे पुढचे दुखणे उंचीने कमी झाले की मागे सरकवण्याने, हे आता सांगता येत नाही. हा संपूर्ण आठवडा वाया गेला असे मी धरते.

सीट मागे-पुढे मूळ जागी आणली, उंची ६७६ केली. गुडघ्यामागची ओढ पूर्ण जाईपर्यंत सायकल बंद.

३० ऑगस्ट

ओढ जायला आठ दिवस लागले. आजपासून नियम असा: एका वेळी एकच बदल, पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक मापावर त्याच रस्त्यावर किमान दोन फेऱ्या. आज ६८१.

फोन तिकाटण्यावर गुडघ्याच्या उंचीला, सायकलपासून चार मीटर दूर, बरोबर बाजूला ठेवून स्थिर ट्रेनरवर (सायकल जागीच चालवता येते अशा स्टँडवर) चित्रीकरण केले. नितंबाच्या बाजूचा हाडाचा उंचवटा, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचे हाड आणि घोट्याचे बाहेरचे हाड, या तिन्ही ठिकाणी टेपचे गोल तुकडे लावले. पेडल सर्वांत खाली असताना चित्र थांबवून कोन मोजला: जुन्या ६७६ वर गुडघा सरळ रेषेपासून ४४ अंश वाकलेला होता, ६८१ वर ४२.

इथे माझा एक गैरसमज झाला आणि तो दोन दिवस टिकला. २५ ते ३५ अंश ही जी मर्यादा सगळीकडे सांगतात ती सायकल थांबवून, पाय पेडलच्या तळाशी स्थिर ठेवून मोजलेल्या कोनाची आहे. पेडल मारत असताना टाच वर उचलली जाते आणि कोन त्यापेक्षा काही अंशांनी जास्त भरतो. चालत्या चित्रातला ४२ हा आकडा त्या मर्यादेशी ताडून मी पुन्हा घाईने दोन सेंटिमीटर वर जाणार होते.

१४ सप्टेंबर

६८६ वर चार फेऱ्या, मग ६९० वर तीन. ६९० वर चालत्या चित्रात कोन ३८ ते ३९ भरतो, थांबून मोजला तर ३१. कंबर डोलत नाही. टाच पेडलवर ठेवून तळाशी नेली तर पाय जेमतेम सरळ होतो. ही जुनी साधी कसोटी आहे आणि सूत्रांपेक्षा मला तिच्यावरच जास्त भरवसा वाटू लागला आहे, कारण पाऊल किती लांब आहे आणि बुटाचा तळ किती जाड आहे हे सूत्राला ठाऊक नसते.

काल सव्वादोन तास चालवली. डाव्या गुडघ्यात काहीही नाही. उजव्यात आतल्या बाजूला किंचित काहीतरी जाणवते, पण वाटीखालची ठसठस नाही.

१५ सप्टेंबर

आज खडबडीत रस्त्यावर दीड तास, आणि वाटीखालचे दुखणे दोन्ही बाजूंना परत आले. परवा काहीच नव्हते आणि आज एकदम इतके, याचा अर्थ लागत नाही.

१७ सप्टेंबर

अर्थ लागला. सायकल पुसताना, ६९० वर नेल्यावर गुंडाळलेल्या टेपच्या दुसऱ्या पट्टीकडे लक्ष गेले. खालची कड क्लॅम्पला नुसती टेकलेली असायला हवी होती. तिथे पट्टीचा खालचा भाग क्लॅम्पच्या तोंडाशी गोळा होऊन त्याच्या बारीक चुण्या पडल्या होत्या, साडीच्या निऱ्या दाबून बसवाव्यात तशा. मोजले तर उंची ६८४. पोस्ट सहा मिलिमीटर खाली घसरला होता.

पोस्ट पूर्ण बाहेर काढला. आतला भाग ग्रीसने माखलेला होता. मागच्या सर्व्हिसिंगमध्ये ते लावले गेले. धातूच्या पोस्टला ग्रीस लावतात, पण कार्बनच्या पोस्टला ते लावले की पकडच राहत नाही. त्यात मी स्वतः कार्बन चिरडेल या भीतीने बोल्ट दर वेळी हाताच्या अंदाजाने हलकाच आवळत आले होते.

आणि मग ११ ऑगस्टला पुसून न गेलेली ती रेषा. उजेडात धरून पाहिल्यावर दिसले की रेषेच्या वरचा पोस्ट ऊन आणि धूळ खाऊन निस्तेज झाला आहे आणि रेषेखालचा नव्यासारखा चकचकीत आहे. म्हणजे पोस्ट बराच काळ त्या रेषेपर्यंत बाहेर होता. ६७६ ची खूण आणि ती रेषा यांच्यात ११ मि.मी. अंतर आहे. माझी सीट तीन वर्षे ६८७ वर होती आणि सर्व्हिसिंगनंतरच्या काही महिन्यांत, कोणी हात न लावता, थोडी थोडी करत ६७६ वर येऊन बसली होती. रोज एखादा केस भर खाली जाणारी सीट बसणाऱ्याला कळत नाही. गुडघ्याला मात्र कळली होती.

मी ज्याला मूळ माप म्हणत होते ते मूळ नव्हतेच. ऑगस्टपासूनच्या फेऱ्यांचे आकडेही आता भरवशाचे राहिले नाहीत, कारण ६८१ वा ६८६ लिहिलेल्या फेरीच्या अखेरीस सीट नेमकी कुठे होती हे मी मोजलेले नाही. या कामात मला सर्वांत जास्त वाईट कशाचे वाटले असेल तर याचे, कारण रेषा माझ्या डोळ्यांसमोर होती.

दुरुस्ती: पोस्ट आणि सीट ट्यूबचा आतला भाग अल्कोहोलने तीनदा पुसला, कापडावर काळा डाग उमटणे थांबेपर्यंत. पोस्टला कार्बन पेस्ट लावली. तिच्यातले बारीक कण पकड देतात. बोल्टच्या आट्यांना मात्र थोडे ग्रीस लावले, नाहीतर कोरड्या आट्यांच्या घर्षणामुळे बोल्ट आवळल्यासारखा वाटतो आणि क्लॅम्प सैलच राहतो. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) विकत घेऊन क्लॅम्पवर छापलेल्या ५ न्यूटन-मीटरला आवळले. पोस्ट किमान किती आत असायला हवा याची खूण क्लॅम्पच्या खाली आहे हेही पाहिले. उंची ६९०. नवी टेप.

२८ सप्टेंबर

सहा फेऱ्या, त्यांतल्या दोन खडबडीत रस्त्यावर, आणि प्रत्येक फेरीआधी व नंतर मोजमाप. ६९० चे ६९० च राहिले. वाटीखालचे दुखणे गेले. ६८७ वर परत जावे का असा विचार केला होता, पण ६९० वर काही तक्रार नाही आणि टाचेची कसोटी जमते, म्हणून तसेच ठेवले.

उरले आहे ते उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचे. वाटीखालची ठसठस होती तोवर हे वेगळे दुखणे आहे हे कळत नव्हते. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा आहे.

५ ऑक्टोबर

उंच टेबलावर बसून पाय सैल लोंबकळत सोडले आणि वरून पाहिले. डावे पाऊल जवळजवळ सरळ लोंबते; उजव्याचा चवडा स्पष्ट बाहेर वळलेला असतो. चालतानाही तसेच पडते हे ओल्या फरशीवरच्या ठशांत दिसले. पाऊल जर असे बाहेर वळणारे असेल आणि क्लीटने ते नाकासमोर सरळ जखडून ठेवले असेल, तर तो पीळ वर गुडघ्यातच जाणार.

बूट उलटे करून पाहिले. क्लीट लाल आहेत. शिमानो कंपनीच्या एसपीडी-एसएल प्रकारच्या पेडलसाठीच्या क्लीटमध्ये रंगावरून फरक कळतो: पिवळ्या क्लीटमध्ये पाऊल एकूण ६ अंश फिरू शकते, निळ्यात २, आणि लाल पूर्ण घट्ट असतात. माझे जुने क्लीट पिवळे होते. सहा महिन्यांपूर्वी बदलताना मी फक्त ते आपल्या पेडलमध्ये बसतात ना एवढेच पाहिले होते, आणि ९ ऑगस्टला नवे आहेत म्हणून तपासायचे टाळले.

पिवळे मागवले. दरम्यान आहे तोच उजवा क्लीट थोडा वळवून पाहिला आणि वीस मिनिटांत दुखणे इतके वाढले की परत फिरावे लागले. उलटा वळवला होता. इथे घोटाळा सहज होतो, म्हणून सविस्तर लिहिते: क्लीटचे टोक पेडलमध्ये नेहमी समोरच राहते, वळतो तो बूट. चवडा बाहेर जाऊ द्यायचा असेल तर बुटाच्या तळावर क्लीटचे टोक आतल्या बाजूला, म्हणजे सायकलकडे वळवायचे. मी चवडा बाहेर हवा म्हणून टोकही बाहेर वळवले होते.

१२ ऑक्टोबर

पिवळे क्लीट आले. जुन्यांची बाह्यरेषा आधी बुटाच्या तळावर पेन्सिलने काढून घेतली आणि फोटो काढला. मागे-पुढे जागा बदलली नाही: क्लीटचा मध्य अंगठ्याच्या मुळाचे हाड आणि करंगळीच्या मुळाचे हाड यांच्या मधोमध येतो. उजव्याचे टोक सायकलकडे साधारण ३ अंश वळवले.

चवडा बाहेर गेला तशी टाच आत आली आणि क्रँकला घासू लागली. पहिल्या फेरीत बुटाच्या टाचेवर काळा ओरखडा उमटला. त्यावर उपाय म्हणून क्लीट बुटाच्या आतल्या कडेकडे ३ मि.मी. सरकवला, म्हणजे संपूर्ण पाऊल क्रँकपासून तेवढेच दूर गेले. घासणे थांबले.

१९ ऑक्टोबर

उजव्या गुडघ्याची आतली बाजू चार फेऱ्यांत बरीच शांत झाली आहे. बोट ठेवून दाखवण्याची ती जागा आता शोधावी लागते.

सीट मागे-पुढे करण्याचा प्रयोग या वेळी स्वतंत्रपणे, दुसरा कोणताही बदल न करता, करून पाहिला. क्रँक आडवे ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून ओळंबा सोडला. तो पेडलच्या आसाच्या ६ मि.मी. पुढे पडला. सीट ५ मि.मी. मागे आणि त्याच्या भरपाईसाठी दीड मि.मी. खाली घेतली. गुडघ्यांना काही फरक पडला नाही, हात मात्र ताणले गेले आणि मान अवघडली. दोन फेऱ्यांनंतर जुन्या जागी आणली. ओळंबा ही सुरुवातीची खूण म्हणून ठीक आहे. गुडघा आसाच्या अगदी वर आलाच पाहिजे असा नियम म्हणून मी तो यापुढे वापरणार नाही.

२६ ऑक्टोबर

चढावर पेडलच्या फेऱ्या मोजल्या: मिनिटाला ६० ते ६२. तेवढ्याच वेगाने चढ चढताना ६० ऐवजी ८० फेऱ्या मारल्या तर प्रत्येक फेरीला पेडलवर लागणारा जोर एक चतुर्थांशाने कमी होतो. माझ्याकडे तितका हलका गिअर नव्हता. मागचा सर्वांत मोठा दातेरी चक्र २८ दात्यांचा होता. ११-३२ चा कॅसेट, म्हणजे ११ ते ३२ दात्यांच्या मागच्या चक्रांचा संच, बसवला. मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) ३२ दाते झेपतात का हे आधी तपासले, पण जुनी चेन आखूड पडेल हे लक्षात आले नाही आणि ती वेगळी घ्यावी लागली. या संपूर्ण कामातला सर्वांत मोठा खर्च हाच, आणि त्यात एक शनिवार गेला.

हे सगळ्यांत शेवटी केले ते बरे झाले. पोस्ट घसरत असताना हलके गिअर लावले असते तर दुखणे थोडे कमी वाटले असते आणि मी टेपकडे पाहिलेच नसते.

९ नोव्हेंबर

काल चार तास, चढ-उतार दोन्ही. वाटीखाली काही नाही. उजव्याच्या आतल्या बाजूला शेवटच्या अर्ध्या तासात हलकी जाणीव झाली, रात्रीपर्यंत गेली. आज जिना उतरताना काही जाणवले नाही.

आजची मापे: उंची ६९०, सीटच्या नाकापासून हँडलपर्यंत ५३५, सीट सपाट, दोन्ही क्लीट पिवळे, उजव्याचे टोक ३ अंश आत. वापरले गेलेले सामान: टॉर्क रेंच, कार्बन पेस्टची छोटी ट्यूब, क्लीटची एक जोडी, कॅसेट, चेन. लाल क्लीट अजून चांगल्या अवस्थेत आहेत, पण डब्यात जपून न ठेवता टाकून दिले, पुन्हा चुकून बसवले जाऊ नयेत म्हणून.

पुढच्या आठवड्यात नवे बूट यायचे आहेत. दोन्हींच्या तळाची जाडी मोजायची आहे. नव्याचा तळ जितका पातळ असेल तितकी सीट खाली घ्यावी लागेल. उजव्या क्लीटचा कोनही त्या बुटावर नव्याने लावावा लागेल, म्हणून पेन्सिलची रेषा जुन्या बुटावरून पुसलेली नाही.